तलेसुत्तु आणि सर्पसुत्तु : कानातल्या नागिणीचे एक प्रकरण

निपाणी परिसरातल्या एका खेड्यातील ५४ वर्षांच्या विडी कामगार बाईंचे हे प्रकरण आहे. एका आठवड्याच्या आत त्यांचा उजवा कान ठणकू लागला, घर गरागरा फिरू लागले, त्या कानाने ऐकू येईनासे झाले आणि शेवटी चेहऱ्याची उजवी बाजू लुळी पडली. मी बेळगावात कान-नाक-घसा तज्ज्ञ म्हणून काम करतो आणि त्या माझ्याकडे सातव्या दिवशी आल्या. त्यांच्या संमतीने, ओळख पटेल असे तपशील गाळून, मी हे लिहीत आहे. त्या बऱ्या झाल्यानंतर त्यांच्याच घरात ‘विषाणूवरच्या गोळीने चक्कर जाते’ अशी समजूत रुजली आणि ती समजूत घेऊन त्यांची धाकटी जाऊ काही महिन्यांनी माझ्यासमोर येऊन बसली, म्हणून हे सविस्तर मांडावेसे वाटले. हे औषध कोणत्या चक्करेला लागते, किती तासांत लागते आणि कोणत्या चक्करेला अजिबात लागत नाही, हे एकाच उंबऱ्याआडच्या दोन आजारांतून जितके स्पष्ट दिसले तितके मला एरवी क्वचितच दिसले आहे.

आधीचे सहा दिवस

रविवारी संध्याकाळी उजव्या कानात ठणका सुरू झाला. मांडीवर तंबाखूचे सूप घेऊन दिवसभर मान खाली घालून विड्या वळण्याचे काम तीस वर्षांचे असल्यामुळे मानेचे दुखणे कानात उतरले असेल, असे घरच्यांना वाटले आणि सोमवारी लसूण कढवलेले कोमट तेल कानात पडले. मंगळवारी पहाटे त्या अंथरुणावर उठून बसल्या आणि, त्यांच्याच शब्दांत, “भित्ताडं गरागरा फिरायलीत” अशी अवस्था झाली. उलट्या थांबेनात. डोके जरा हलवले तरी फिरणे वाढे.

त्या दिवशी त्यांना जवळच्या एका दवाखान्यात नेले. सोबत शेजारच्या अक्का होत्या, ज्यांची घरची भाषा कन्नड आहे आणि ज्या मराठीही आपल्यासारखीच बोलतात. तिथे रक्तदाब थोडा वाढलेला आढळला, उलटी व चक्कर थांबवण्याचे इंजेक्शन दिले गेले, चक्करेच्या दोन प्रकारच्या गोळ्या, एक वेदनाशामक आणि कानात घालायचे थेंब लिहून दिले गेले. कान पाहिला गेला नाही. डोक्यावरून पदर घेतलेली, ओकाऱ्यांनी बेजार झालेली, डोळे मिटून पडलेली बाई समोर असताना तो पदर बाजूला करून कानाकडे पाहणे राहून जाते, हे मी समजू शकतो. माझ्याकडूनही उमेदवारीच्या काळात असे राहून गेले आहे. तरीही या प्रकरणातले सगळे नुकसान त्या एका न पाहिलेल्या कानापासून सुरू होते, हे नोंदवणे भाग आहे.

बुधवारी अक्कांनी त्यांची वेणी घालताना कानाच्या वाटीत पाण्याचे बारीक फोड पाहिले आणि लगेच सांगितले की हे सर्पसुत्तु आहे. कन्नडमध्ये नागिणीला सर्पसुत्तु म्हणतात. घरच्यांचा विश्वास बसला नाही, कारण नागीण कमरेला किंवा छातीला निघते आणि तिचा वेढा पुरा झाला की माणूस दगावतो, एवढेच सर्वांनी पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेले. कानात कुठला वेढा? पण शंका नको म्हणून शेजारच्या गावात नागिणीवर उपचार करणाऱ्या गृहस्थांकडे नेऊन गेरूचा लेप लावून आणला. गुरुवारी चक्कर कमी होईना म्हणून पुन्हा त्याच दवाखान्यात गेले. तिथल्या कन्नडभाषक मदतनिसाला अक्कांनी सांगितले की हिला तलेसुत्तु आहे आणि सर्पसुत्तुही आहे. पुढे त्या कुटुंबाने मला जो कागद दाखवला त्यावर इंग्रजीत फक्त चक्कर एवढीच नोंद होती.

या दोन शब्दांवर मी बराच विचार केला आहे. सुत्तु म्हणजे वेढणे, फिरणे. डोके फिरते ते तलेसुत्तु आणि सापासारखा वेढा घालते ते सर्पसुत्तु. एका दमात बोलले की दोन्ही शब्द एकमेकांत मिसळतात आणि घाईत ऐकणाऱ्याला दुसरा शब्द पहिल्याचीच पुनरुक्ती वाटू शकतो. आपल्या मराठीतही अडचण कमी नाही. भोवळ, अंधारी, झोक जाणे, गरगरणे या चार वेगळ्या गोष्टींना सगळे जण चक्कर म्हणतात, आणि वैद्यकात त्यांची कारणे हृदयापासून आतल्या कानापर्यंत वेगवेगळ्या ठिकाणी असतात. म्हणून सीमाभागात काम करताना मी चक्कर हा शब्द कागदावर तसाच लिहीत नाही. नक्की काय फिरते, तुम्ही की घर, हे विचारतो आणि रुग्णाचे उत्तर त्याच्या शब्दांत लिहून ठेवतो.

शुक्रवारी सकाळी चूळ भरताना पाणी तोंडाच्या उजव्या कोपऱ्यातून ओघळले. आरशात पाहिले तर चेहरा डावीकडे ओढलेला आणि उजवा डोळा मिटत नव्हता. वारं गेलं, असे म्हणून घरात रडारड झाली. निपाणीहून कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर आणि बेळगाव त्याच्या जवळजवळ दुप्पट असले, तरी मोठा मुलगा बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत कामाला असल्याने रात्री गाडी करून त्यांना इकडे आणले गेले. शनिवारी सकाळी मी त्यांना तपासले, तेव्हा चेहरा लुळा पडून साधारण २६ तास झाले होते.

तपासणी

त्या डाव्या कुशीवर, उजवा कान वर ठेवून, डोळे घट्ट मिटून पडल्या होत्या. उजव्या कानाच्या पाळीपासून भोकापर्यंत वाळलेल्या गेरूचा जाड थर होता, त्यामुळे खालची कातडी दिसतच नव्हती. मिठाच्या निर्जंतुक पाण्यात भिजवलेला कापूस थरावर ठेवून, थोडा मऊ झाला की पुसून, पुन्हा ठेवून, असे करत तो काढायला दहा-बारा मिनिटे लागली. लाल पाणी गळ्यापर्यंत ओघळत होते आणि त्या प्रत्येक स्पर्शाला कण्हत होत्या. थर निघाल्यावर कानाच्या वाटीत आणि भोकाच्या तोंडाशी ज्वारीच्या दाण्याएवढे सात-आठ फोड दिसले. काही फुटून खपली धरलेले, दोन अजून टपोरे, आणि सगळ्यांभोवती लाल कडे. अक्कांचे निदान बरोबर होते.

चेहऱ्याच्या उजव्या बाजूचे कपाळही हलत नव्हते. मेंदूतल्या झटक्याने चेहरा वाकडा झाला तर बहुधा कपाळाला आठ्या घालता येतात. नसच निकामी झाली तर कपाळासकट सगळे थांबते. डोळा मिटायला सांगितल्यावर सुमारे चार मिलिमीटरची फट राहत होती. चेहऱ्याच्या लकव्याच्या सहा पायऱ्यांच्या मापात ही पाचवी पायरी होती. चहा दोन दिवस मातीसारखा लागतो, असे त्यांनी सांगितले, तेही याच नसेच्या चवीच्या फांदीशी जुळणारे होते.

डोळे उघडल्यावर बुबुळे डावीकडे झटके घेत होती. डावीकडे पाहिले की झटके वाढत, उजवीकडे पाहिले की कमी होत, पण दिशा बदलत नव्हती. माझ्या नाकाकडे बघायला सांगून त्यांचे डोके हलकेच पण झटकन उजवीकडे वळवले, तेव्हा नजर डोक्याबरोबर वाहून गेली आणि मग एका उडीत परत नाकावर आली. दोन्ही डोळ्यांच्या उंचीत फरक नव्हता. या तीन गोष्टी एकत्र पाहण्याची पद्धत २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासाने रूढ केली. सतत फिरणारी चक्कर असलेल्या रुग्णात ही तपासणी जाणकाराने केली, तर चक्कर आतल्या कानाची आहे की मेंदूतल्या झटक्याची हे सुरुवातीच्या एमआरआयपेक्षाही चांगले सांगता येते. इथे तिन्ही खुणा आतल्या कानाकडे बोट दाखवत होत्या. तरीही मी एमआरआय करून घेतला, कारण मेंदूच्या देठाला आणि आतल्या कानाला रक्त पुरवणारी एक धमनी अशी आहे की ती बंद पडली तर चक्कर, बहिरेपणा आणि चेहऱ्याचा लकवा एकत्र येऊ शकतात. फोड दिसत असले तरी ५४ वर्षांच्या, साखर तपासलेली नसलेल्या बाईत ती शक्यता न पाहता सोडणे मला पटले नाही. एमआरआयमध्ये झटका आढळला नाही.

ट्यूनिंग फोर्क कपाळावर ठेवल्यावर आवाज डाव्या कानात ऐकू आला, म्हणजे उजव्या बाजूची कमतरता पडद्याची किंवा मळाची नसून नसेची होती. दुपारी बसवून श्रवणमापन केले. उजव्या कानाची ऐकण्यातली घट सरासरी ५८ डेसिबल होती आणि उंच स्वरांत त्याहून वाईट. डावा कान वयाच्या मानाने ठीक होता.

हे रॅमसे हंट सिंड्रोम आहे, ज्याचे वर्णन जेम्स रॅमसे हंट या अमेरिकी मज्जातंतुतज्ज्ञांनी १९०७ मध्ये केले. लहानपणी कांजिण्या होऊन गेल्या की त्यांचा विषाणू शरीरातून जात नाही. तो नसांच्या गाठींमध्ये वर्षानुवर्षे निपचित पडून राहतो आणि वय, मधुमेह किंवा प्रतिकारशक्तीची घसरण यांमुळे कधी तरी जागा होतो. कमरेच्या नसेच्या गाठीत जागा झाला तर कमरेला नागीण निघते, चेहऱ्याच्या नसेच्या गाठीत जागा झाला तर कानात. चेहऱ्याची नस आणि ऐकण्याची व तोल सांभाळणारी नस कवटीतल्या एकाच अरुंद हाडाच्या बोगद्यातून शेजारी शेजारी जातात, म्हणून एकीची सूज दुसरीला ग्रासते. कानातल्या नागिणीने घर का फिरते आणि कान का बसतो, याचे उत्तर तो बोगदा आहे. काही रुग्णांत फोड लकव्यानंतर उठतात आणि काहींत उठतच नाहीत. त्यामुळे आज फोड नाहीत म्हणून नागीण नाही, असेही म्हणता येत नाही.

औषध आणि त्याची वेळ

अ‍ॅसायक्लोव्हिर आणि त्याच कुळातली औषधे विषाणूला त्याच्याच हत्याराने अडवतात. गोळीतला रेणू पेशीत जातो तेव्हा निष्क्रिय असतो. विषाणूने स्वतःसाठी तयार केलेले एक विकर त्याला पहिला धक्का देऊन कार्यक्षम करते, आणि मग तो विषाणूच्या नव्या डीएनएच्या साखळीत शिरून तिची वाढ तिथेच थांबवतो. निरोगी पेशीत ते विकर नसल्यामुळे तिथे हे औषध जवळजवळ गप्प राहते. या कुळाच्या संशोधनात मोठा वाटा असलेल्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८ मध्ये वैद्यकाचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. पण या कार्यपद्धतीतच औषधाच्या मर्यादाही आहेत. ते वाढत्या विषाणूला थांबवते, निपचित विषाणूला हात लावत नाही आणि मेलेली नस जिवंत करत नाही. विषाणूची वाढ सुरुवातीच्या काही दिवसांत होते आणि पुढचे नुकसान सूज व नसेच्या गळ्याभोवतीचे हाड करते. म्हणून उशीर झाला की गोळी तीच राहते, काम मात्र उरत नाही.

जपानमधील मुराकामी आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये ८० रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. चेहरा लुळा पडल्यापासून तीन दिवसांच्या आत अ‍ॅसायक्लोव्हिर आणि प्रेडनिसोलोन हे सूज उतरवणारे स्टेरॉइड सुरू झालेल्यांपैकी ७५ टक्के रुग्णांचा चेहरा पूर्ण बरा झाला. सात दिवस उलटल्यावर सुरू केलेल्यांत हे प्रमाण ३० टक्क्यांवर आले. हा अनुभव मागे वळून मोजलेला आहे. चिठ्ठ्या टाकून दोन गट करून केलेल्या चाचण्या शोधायला गेले तर उपचारांचा पुरावा तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या २००८ च्या आढाव्याला अवघ्या १५ रुग्णांची एक चाचणी सापडली आणि तिच्यात फरक सिद्ध झाला नाही. तरीही मी हे औषध देतो. कांजिण्यांच्या विषाणूवर ते काम करते हे अंगावरच्या नागिणीत पक्के दिसलेले आहे, योग्य मात्रेत त्याचा त्रास कमी आहे, आणि हुकलेल्या चेहऱ्याची किंमत रुग्णाला जन्मभर मोजावी लागते. पुराव्याची बाजू एवढी लंगडी असूनही निर्णय देण्याच्या बाजूने का पडतो, हे मी त्यांच्या मुलाला असेच समजावून सांगितले.

अ‍ॅसायक्लोव्हिर घ्यायचे तर ८०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून पाच वेळा. तोंडावाटे घेतल्यावर त्याचा जेमतेम पाचवा हिस्सा रक्तात उतरतो. व्हॅलासायक्लोव्हिर हे त्याचेच रूप असून ते निम्म्याहून थोडे अधिक उतरते, म्हणून तीन वेळा पुरते. दुसरे महाग पडते. पण घरात ओकाऱ्या, लकवा आणि रडारड चालू असताना पाच वेळांचे वेळापत्रक पाळले जात नाही, हे मी अनेकदा पाहिले असल्याने मी व्हॅलासायक्लोव्हिर १ ग्रॅम दिवसातून तीनदा, सात दिवस दिले. सकाळी, दुपारी, रात्री भाकरीनंतर, एवढे त्यांच्या लक्षात राहणार होते. औषधाच्या पाकिटावर इंग्रजी व दुकानदाराची खूण कन्नडमध्ये असल्यामुळे मी सगळे वेळापत्रक एका कोऱ्या कागदावर मराठीत मोठ्या अक्षरात लिहून दिले. त्यांच्या नातीने तो कागद चुलीजवळच्या भिंतीला चिकटवला.

पहिली गोळी देण्याआधी दोन तपासण्या आल्या. क्रिएटिनिन ०.९ होते, म्हणजे मूत्रपिंडे ठीक होती. तशी नसती तर मात्रा कमी करावी लागली असती, कारण हे औषध लघवीवाटे बाहेर पडते आणि साचले तर वयस्कर माणसाला भ्रमसुद्धा होतो. पण त्या चार दिवस उलट्या करत होत्या, पाणी पोटात ठरत नव्हते आणि वर वेदनाशामक चालू होते. हे तिन्ही एकत्र मूत्रपिंडाला जड जाते. म्हणून सलाइन देऊन पाणी भरून काढले आणि वेदनाशामक बदलले. उपाशीपोटीची साखर १८६ निघाली. त्यांना मधुमेह आहे हे त्यांना त्या दिवशी कळले. प्रेडनिसोलोनने साखर आणखी चढणार हे ठाऊक होते. तरी नसेची सूज उतरवायला ते हवेच होते. फिजिशियनच्या सल्ल्याने इन्शुलिन सुरू करून वजनाच्या मानाने दररोज ५० मिलिग्रॅम पाच दिवस आणि नंतर उतरत्या क्रमाने ते दिले.

डोळ्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते, म्हणून ते इथे आवर्जून लिहितो. मिटत नसलेल्या डोळ्याचे बुबुळ एका रात्रीत सुकून जखमी होऊ शकते. दिवसा दर दोन तासांनी कृत्रिम अश्रूंचे थेंब, रात्री मलम आणि पापणी खाली ओढून वरून चिकटपट्टी, हे मी सुनेकडून माझ्यासमोर दोनदा करवून घेतले. सून पाच महिन्यांची गरोदर होती. नागिणीच्या फोडांतल्या पाण्यातून कांजिण्या न झालेल्या माणसाला कांजिण्या होऊ शकतात आणि गरोदर बाईला त्या महागात पडतात, म्हणून तिला विचारले; तिला लहानपणी होऊन गेल्या होत्या. तरीही फोडांना हात लावण्याचे काम मुलाकडे दिले.

चक्करेच्या आधीच्या गोळ्या तिसऱ्या दिवसापासून पूर्ण थांबवल्या. या निर्णयाला घरच्यांचा सर्वाधिक विरोध झाला, आणि तो स्वाभाविक होता, कारण गोळी घेतली की त्यांना झोप लागे. पण या गोळ्या मेंदूला गुंगवतात. एका बाजूची तोलाची नस गेल्यावर मेंदूने दुसऱ्या बाजूवर तोल सांभाळायला शिकायचे असते, आणि गुंगीत ते शिकणे लांबते. सुरुवातीचे दोन-तीन दिवस उलटी आवरण्यापुरत्या त्या ठीक. पुढे व्यायाम हवा. हातभर अंतरावर अंगठा धरून नजर त्यावर ठेवायची आणि डोके उजवीकडे-डावीकडे हलवायचे, हा पहिला व्यायाम. अंगठ्याऐवजी त्यांनी पाने कातरायचा पत्र्याचा साचा धरला. कामाची वस्तू हातात असली की भीती कमी वाटते, असे त्या म्हणाल्या. मी तीच वस्तू पुढे कायम ठेवली.

नंतरचे सहा महिने

पाचव्या दिवशी त्या काठीशिवाय भिंतीला धरून चालू लागल्या. तिसऱ्या आठवड्यात कपाळाला पहिली पुसट आठी दिसली. सहाव्या आठवड्यात डोळा पूर्ण मिटू लागला आणि पट्टी बंद केली. सहा महिन्यांनी चेहरा दुसऱ्या पायरीवर होता. हसताना उजवा डोळा किंचित बारीक होतो, एवढेच उरले. कानाची सरासरी ५८ वरून ३८ डेसिबलवर आली आणि तिथेच थांबली, उंच स्वर परतले नाहीत. डोके झटकन उजवीकडे वळवले की अजून क्षणभर झोक जातो. रॅमसे हंटमध्ये चेहऱ्याच्या मानाने कान कमी सुधारतो, हा माझा अनुभव इथेही खरा ठरला. बुधवारी फोड दिसले तेव्हाच, चेहरा वाकडा होण्याआधीच औषध सुरू झाले असते तर कान अधिक वाचला असता का, हे एका रुग्णावरून सिद्ध करता येत नाही. मला मात्र तसे वाटते, आणि ते वाटणे मी लपवत नाही.

तीच गोळी

सातव्या महिन्यात त्यांची ४६ वर्षांची धाकटी जाऊ आली. तिला तीन वर्षांपासून अधूनमधून गरगरण्याचे झटके येत. आधी डावा कान भरल्यासारखा होई, त्यात पाण्याच्या मोटारीसारखा घूं आवाज येई, ऐकू कमी येई, मग दोन-तीन तास घर फिरे आणि दुसऱ्या दिवशी फक्त थकवा उरे. गेल्या झटक्यात तिने थोरल्या जावेचा जुना कागद घेऊन औषधाच्या दुकानातून व्हॅलासायक्लोव्हिर आणले आणि चार दिवस घेतले. झटका त्याच संध्याकाळी थांबला. “थोरलीला जी लागू पडली, तीच मलाबी लागू पडली,” असे तिने ठामपणे सांगितले आणि घरात ठेवायला आणखी एक पाकीट लिहून मागितले.

तिची चूक समजण्यासारखी आहे. तिचे झटके औषध न घेताही त्याच संध्याकाळी थांबत आले होते, हे मी तिलाच आधीच्या झटक्यांची आठवण करून देऊन मोजायला लावले. श्रवणमापनात डाव्या कानाचे खालचे स्वर बसलेले होते. हा मेनिएरचा आजार होता, ज्याचा उगम आतल्या कानात आहे हे प्रॉस्पर मेनिएर यांनी १८६१ मध्ये पॅरिसमध्ये मांडले. आतल्या कानातल्या द्रवाचा फुगवटा त्यात दिसतो, आणि तो का होतो याचे एकच उत्तर नाही.

मेनिएरमागेही नागिणीच्या कुळातला विषाणू असावा, हा विचार नवा नाही. अमेरिकेतील रिचर्ड गासेक यांनी वारंवार येणाऱ्या चक्करेत विषाणूविरोधी औषधांनी बहुतेक रुग्णांना आराम पडल्याचे लिहिले आहे. पण त्या मांडणीत औषध न घेतलेल्या रुग्णांशी तुलना नव्हती, आणि जो आजार स्वतःच महिनोन्‌महिने शांत राहतो त्यात तुलनेशिवाय काहीही लागू पडल्यासारखे दिसते. अमेरिकेतच २००४ मध्ये याच कुळातल्या फॅमसायक्लोव्हिरची तुलना औषध नसलेल्या खोट्या गोळीशी केली गेली, तेव्हा ऐकण्यातल्या चढउतारावर किंचित परिणाम असावा असे दिसले, चक्करेवर मात्र नाही. त्याच वर्षी जर्मनीत तोलाच्या नसेच्या सुजेच्या १४१ रुग्णांवर मोठी चाचणी झाली. वर्षभरात तोलाची नस सरासरी ३९.६ टक्के अंकांनी सुधारली ती खोटी गोळी घेतलेल्यांत, ३६ टक्के अंकांनी व्हॅलासायक्लोव्हिर घेतलेल्यांत आणि ६२.४ टक्के अंकांनी स्टेरॉइड घेतलेल्यांत. स्टेरॉइडला व्हॅलासायक्लोव्हिरची जोड देऊनही अधिक लाभ झाला नाही. अचानक येणाऱ्या बहिरेपणाबाबतही अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेची २०१२ ची आणि २०१९ ची मार्गदर्शिका विषाणूविरोधी औषध सरसकट देऊ नये असेच सांगते. फोड दिसत असतील तर गोष्ट वेगळी. तिथे विषाणू समोर उभा असतो.

हे सगळे मी जावेला सोप्या भाषेत सांगितले आणि पाकीट लिहून दिले नाही. ती नाराज झाली. थोरलीला महागडे औषध दिले आणि आपल्याला नुसता उपदेश केला, असे तिला वाटले, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होते. मग मी थोरलीच्या कानाचा मी काढलेला फोटो, तिच्या परवानगीने, जावेला दाखवला आणि तिचा स्वतःचा कान आरशात दाखवला. दोन कान शेजारी पाहिल्यावर ती थोडी शांत झाली. तिच्या ताटातले खारे वांगे, पापड, लोणचे आणि ठेच्यातले मीठ कमी करायला सांगितले, झटक्यांची तारीख आणि तास लिहायला वही दिली आणि लघवी वाढवणाऱ्या ‘पाण्याच्या गोळी’ची लहान मात्रा सुरू केली. बीटाहिस्टीन हे चक्करेवरचे औषध तिला आधीपासून चालू होते. २०१६ च्या २२१ रुग्णांच्या चाचणीत ते खोट्या गोळीपेक्षा सरस ठरले नव्हते, हे सांगून ते थांबवायचे की नाही हा निर्णय तिच्यावर सोडला. तिने सुरू ठेवले. पुढच्या चार महिन्यांत तिच्या वहीत दोन झटक्यांची नोंद झाली, आधीच्या चार महिन्यांत तिच्या आठवणीप्रमाणे पाच होते. याचे श्रेय मी मिठाला किंवा गोळीला देणार नाही, कारण हा आजार स्वतःहूनही असाच वागतो.

त्या कुटुंबात आणखी एक काम झाले. थोरलीच्या नवऱ्याला आणि दिराला पन्नाशी उलटलेली असल्यामुळे साखर तपासून घेतली आणि दिराला मधुमेह निघाला. नागिणीवरची दोन मात्रांची लस भारतात आता मिळते हे त्यांना सांगितले, किंमतही सांगितली. किंमत ऐकून ते गप्प झाले. अक्कांना मी भेटायला बोलावले होते. त्या आल्या, आणि आपण ओळखलेले बरोबर होते हे कळल्यावर एवढेच म्हणाल्या की त्यांच्या आईच्या भावाला कानात असेच निघाले होते आणि त्याचा चेहरा शेवटपर्यंत वाकडा राहिला.

थोरल्या पुन्हा विड्या वळतात, पूर्वीइतक्या नाही. श्रवणयंत्राची त्यांना सध्या गरज वाटत नाही, दर सहा महिन्यांनी कान तपासायचा असे ठरले आहे. दोघी जावा आता एकाच दिवशी येतात, आणि बाकावर बसताना थोरल्या धाकटीला आपल्या डाव्या हाताला बसवून घेतात, म्हणजे तिचे बोलणे चांगल्या कानावर पडते.